कलम ७ मोठं की कलम २२? करारातल्या कलमांच्या नात्याविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) तुमचं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. एका मोठ्या कंपनीनं वर्षभराच्या कामासाठी २४ पानांचा, ३१ कलमांचा इंग्रजी करार सहीला पाठवलाय. कलम ७ प्रमाणे माल ‘स्वीकृत’ झाल्यापासून ४५ दिवसांत पैसे मिळणार. कलम २२ मात्र म्हणतं की ‘या करारात इतरत्र काहीही म्हटलेलं असलं तरी’ कंपनी आपली कुठलीही येणी तुमच्या बिलातून वळती करून घेईल. तुम्ही विचारता, ही दोन कलमं एकमेकांच्या विरुद्ध आहेत, तर यातलं मोठं कुठलं?

मी वडोदऱ्यात एकतीस वर्षं वकिली करतोय. न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीत सुरुवात केली, आता दिवाळीपुऱ्याच्या नव्या कोर्टात जातो. माझे निम्म्याहून जास्त अशील तुमच्यासारखेच आहेत: मकरपुरा, पोर, सावली, वाघोडिया इथले छोटे पुरवठादार. हा प्रश्न मी त्यांच्याकडून शेकडो वेळा ऐकलाय, आणि दर वेळी आधी हेच सांगतो की ही दोन कलमं भांडत नाहीयेत. कलम ७ सांगतं पैसे कधी द्यायचे, कलम २२ सांगतं किती द्यायचे. ४५व्या दिवशी पैसे येतील, पण दहा लाखांच्या बिलावर साडेआठ येतील, आणि कंपनी म्हणेल की आम्ही दोन्ही कलमं पाळली. तेव्हा मोठं कुठलं हे विचारण्यापेक्षा कलम २२ मधली ‘येणी’ कुठून जन्माला येते ते शोधायला हवं. त्याचं उत्तर कलम २२ मध्ये सापडणार नाही. ते कलम ५, ९, १२, १७ आणि २६ मध्ये विखुरलेलं आहे. सुदैवानं तुम्ही तीही कलमं टाइप करून पाठवलीत.

बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मान्य करतो. मी पूर्ण करार पाहिलेला नाही. तुमची सूक्ष्म किंवा लघू उद्योग म्हणून उद्यम नोंदणी आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि त्यानं फार फरक पडतो. ही कंपनी तुमचा एकुलता एक मोठा गिऱ्हाईक आहे की पाचातला एक, यावर तुम्ही किती ताणू शकता ते ठरेल. खाली लिहितोय ती वाचायची रीत आहे. सही करण्यापूर्वी पूर्ण करार एखाद्या वकिलाला दाखवाच.

तुम्ही फॅब्रिकेशनवाले आहात, म्हणून तुमच्याच कामातलं उदाहरण घेतो. असेंब्लीच्या ड्रॉइंगमध्ये प्रत्येक भागाचा टॉलरन्स, म्हणजे मापातली चालण्याजोगी चूक, वेगळा पाहिला तर ठीक असतो, पण पाच भाग एकापुढे एक बसवले की सगळे टॉलरन्स साचतात आणि शेवटचं भोक बोल्टला जुळत नाही. करारातही तसंच होतं. तुमच्या कराराचे दिवस मोजा. कलम ९ म्हणतं, माल पोचल्यावर कंपनी ३० दिवसांत तपासणी करून स्वीकृतीपत्र देईल. कलम ७ मधले ४५ दिवस त्या पत्रापासून सुरू होतात. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी ७५ दिवस. आणि ३० दिवसांत स्वीकृतीपत्र दिलंच नाही तर काय? तुम्ही पाठवलेल्या मजकुरात त्याचं उत्तर नाही. तसं असेल तर कलम ७ चं घड्याळ सुरूच होत नाही. नुसतं कलम ७ वाचणाऱ्याला ४५ दिवस दिसतात. ७ आणि ९ शेजारी ठेवून वाचणाऱ्याला कळतं की मुदतीला शेवटच नाही.

इथे ‘स्वीकृती’ हा शब्द दोन्ही कलमांना जोडणारी खीळ आहे. अशा शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा कलम १ मध्ये, व्याख्यांत लिहिलेला असतो आणि ते पान लोक कंटाळून उलटतात. इंग्रजी करारात व्याख्या केलेला शब्द मोठ्या आद्याक्षरानं लिहितात, त्यामुळे वाचताना नजर अडखळते. आपल्या लिपीत मोठी अक्षरं नाहीत. मराठीत किंवा गुजरातीत करार लिहिला की ही खूण पुसली जाते आणि ‘माल’ म्हणजे नेहमीचा माल की व्याख्येतला, हे कळेनासं होतं. मी देशी भाषेत करार लिहितो तेव्हा असे शब्द प्रत्येक ठिकाणी ठळक करतो. बघायला बोजड वाटतं, पण भांडण वाचतं. तुम्ही इंग्रजी प्रत वाचताना पेन्सिल घ्या, मोठ्या आद्याक्षराचा शब्द दिसला की कलम १ मध्ये जाऊन या.

आता उद्यम नोंदणीकडे येतो. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्याचं कलम १५ सांगतं की सूक्ष्म किंवा लघू पुरवठादाराला पैसे देण्याची मुदत लेखी करारानंही स्वीकृतीच्या दिवसापासून ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. आणि स्वीकृतीचा दिवस कुठला, हेही तो कायदाच सांगतो. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच स्वीकृतीचा दिवस. हरकत घेतली तर ती दूर झाली तो दिवस. पैसे थकले तर कलम १६ खाली रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. त्याच कायद्याचं कलम २४ म्हणतं की या तरतुदी इतर कायद्यांतल्या विसंगत तरतुदींवर वरचढ राहतील. म्हणजे तुमची नोंदणी असेल तर करारातल्या कलम ९ च्या ३० दिवसांना कायद्यापुढे फारसं बळ उरत नाही. नोंदणी नसेल तर या करारावर सही करण्याआधी करून घ्या, नंतर नको.

आता ‘काहीही म्हटलेलं असलं तरी’ या शब्दांकडे येऊ. कलमांची आपसातली पायरी ठरवणारे तीन शब्दप्रयोग इंग्रजी करारांत सतत येतात. ‘सब्जेक्ट टू’ म्हणजे अमुक कलमाच्या अधीन राहून. हे कलम स्वतः खाली वाकतं. ‘नॉटविथस्टँडिंग’ म्हणजे इतर काहीही असलं तरी. हे कलम स्वतःला वर चढवतं. १९८६ च्या चंदावरकर विरुद्ध आशालता गुरम या भाडेकायद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे दोन शब्दप्रयोग परस्परांच्या उलट कसे चालतात ते समजावून सांगितलंय. तिसरा ‘विदाउट प्रेज्युडिस टू’, म्हणजे अमुक हक्काला बाधा न आणता. हे कलम वरही चढत नाही, खालीही वाकत नाही. दुसऱ्याच्या शेजारी उभं राहतं आणि दोन्ही एकाच वेळी चालतात. माझ्या अनुभवात छोट्या पुरवठादाराचं नुकसान या तिसऱ्यानं सर्वांत जास्त होतं, कारण तो निरुपद्रवी वाटतो. उशिराचा दंड ‘इतर हक्कांना बाधा न आणता’ लिहिला असेल तर दंडही कापला जातो आणि वर नुकसानभरपाईचा दावाही उभा राहतो.

‘काहीही असलं तरी’ची धाव करारापुरतीच असते, हेही लक्षात ठेवा. त्या शब्दांनी करारातली बाकीची तीस कलमं बाजूला सारता येतात, देशाचा कायदा नाही. ‘काहीही असलं तरी पुरवठादाराचा दावा ९० दिवसांत न केल्यास हक्क संपेल’ असं कलम मी कितीतरी करारांत पाहतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २८ मध्ये १९९७ साली झालेल्या दुरुस्तीनंतर असं हक्क बुजवणारं कलम तेवढ्यापुरतं रद्दबातल ठरतं.

आता कलमं खरोखरच भिडली, दोन्ही एकत्र पाळणं अशक्यच झालं, तर काय? न्यायालयाचा पहिला प्रयत्न असतो सगळा करार एकत्र वाचून दोन्हींना जागा मिळेल असा अर्थ लावण्याचा. एखादं कलम निरर्थक ठरेल असा अर्थ शक्यतो टाळतात. खास विषयावरचं कलम सर्वसाधारण कलमापेक्षा वजनदार धरतात. छापील मजकुरापेक्षा त्या सौद्यासाठी मुद्दाम टाइप केलेला किंवा हातानं लिहिलेला मजकूर जास्त मानतात, कारण दोघांनी डोकं लावलं ते तिथे. खरी संदिग्धता उरली तर ज्यानं मसुदा केला त्याच्या विरुद्ध अर्थ लावता येतो. पण या शेवटच्या नियमावर भिस्त ठेवू नका. तो बाकीचे उपाय संपल्यावर येतो, आणि व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या करारात न्यायालयं तो हात राखूनच वापरतात.

यातलाच एक नियम मला वकिलीच्या पहिल्या वर्षापासून मोहवत आलाय. मालकी देणाऱ्या दस्तात आधीचं आणि नंतरचं कलम जुळवता येण्यापलीकडे विसंगत असतील तर आधीचं टिकतं. मृत्युपत्रात नेमकं उलट. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ८८ सांगतं की दोन विसंगत कलमांपैकी शेवटचं टिकतं. दस्तात वरच्या ओळीत दिलेलं खालच्या ओळीत काढून घेता येत नाही, मृत्युपत्रात मात्र माणसाची शेवटची इच्छा चालते. तुमच्या पुरवठा करारात हा क्रमाचा नियम सहसा कामाला येत नाही, कारण ‘काहीही असलं तरी’सारखे शब्द क्रम आधीच ठरवून टाकतात. तरी सांगितलं, कारण ‘शेवटी लिहिलंय ते खरं’ अशी समजूत लोकांत फार घट्ट आहे, आणि करारात ती चूक आहे.

आता तुमच्या करारातलं जे नातं मला सर्वांत काळजीचं वाटतं, त्याकडे येतो. कलम ५: ऑर्डरच्या तारखेपासून ६० दिवसांत माल. कलम १२: उशीर झाल्यास दर आठवड्याला किमतीच्या अर्धा टक्का, कमाल ५ टक्के कपात. ही दोन कलमं एकमेकांना बांधलेली आहेत. पण तुम्ही कलम ४ चाही ओझरता उल्लेख केलाय: काम ‘कंपनीनं मंजूर केलेल्या ड्रॉइंगप्रमाणे’ करायचं. ती मंजुरी किती दिवसांत द्यायची? काही लिहिलेलं नाही. कलम ४ मधून कलम ५ कडे जाणारा धागाच नाही.

काही वर्षांपूर्वी मकरपुऱ्यातलेच, ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या बनवणारे एक अशील माझ्याकडे आले. त्यांचाही करार ६० दिवसांचा. ड्रॉइंग मंजूर होऊन हातात आलं ३४व्या दिवशी. पत्रा कापायला उरले २६ दिवस, माल गेला ८१व्या दिवशी. खरेदीदारानं पूर्ण २१ दिवसांचा दंड कापला, कारण करारात मोजणी ऑर्डरच्या तारखेपासून होती. कायदा अशा वेळी अगदीच मुका नाही. करार कायद्याची कलमं ५१ ते ५४ परस्पर वचनांबद्दल आहेत, आणि कलम ५४ सांगतं की ज्याचं वचन आधी पुरं व्हायला हवं त्यानंच ते पाळलं नाही, तर त्याला दुसऱ्याकडून पूर्ततेची मागणी करता येत नाही. कलम ५५ मध्येही एक उपयोगी गोष्ट आहे: वेळ हा कराराचा गाभा असताना उशिरा आलेला माल घेतला, तर घेतानाच नुकसानभरपाई मागणार असल्याची सूचना द्यावी लागते. ही कलमं दाखवून, आणि अशिलानं ड्रॉइंग मागितल्याच्या ईमेल तारखांसह समोर ठेवून, आम्ही कापलेल्या रकमेतला मोठा भाग परत मिळवला. पण त्यात चौदा महिने गेले आणि तेवढा काळ पत्र्याच्या व्यापाऱ्याचे पैसे माझ्या अशिलानं व्याजानं काढून भागवले. मूळ करारात एक ओळ असती तर यातलं काहीच घडलं नसतं: ‘कलम ५ मधले ६० दिवस कलम ४ खालील ड्रॉइंगची मंजुरी पुरवठादाराला मिळेल त्या दिवसापासून मोजले जातील.’ हीच ओळ तुम्ही मागा. ही मागणी इतकी न्याय्य आहे की बहुतेक खरेदी विभाग ती नाकारत नाहीत.

धाग्यांचं दुसरं उदाहरण सगळ्या वडोदऱ्याला आठवेल. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, त्यात माझ्या एका अशिलाच्या शेडमध्ये पाणी भरून वेल्डिंग मशिनं आणि विजेचं पॅनेल गेलं. त्यांचा करार तुमच्यासारखाच होता. आपत्तीचं कलम होतं, त्यात ‘पूर’ हा शब्दही होता. त्यांनी निश्चिंत मनानं मला फोन केला: ‘वकीलसाहेब, पूर लिहिलाय ना, मग दंड कसा लागेल?’

मी करार मागवला. आपत्तीचं कलम म्हणत होतं की घटनेपासून सात दिवसांत ‘लेखी सूचना’ दिली तरच सवलत मिळेल. सूचनेचं कलम दहा पानं पुढे होतं. त्यात लिहिलेलं की लेखी सूचना म्हणजे नोंदणीकृत टपालानं कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात पाठवलेलं पत्र; इतर कुठल्याही मार्गानं दिलेली सूचना धरली जाणार नाही. माझ्या अशिलानं तिसऱ्याच दिवशी खरेदी व्यवस्थापकाला व्हॉट्सॲपवर पाण्यात बुडालेल्या मशिनांचे फोटो पाठवले होते आणि त्या भल्या माणसानं ‘काळजी घ्या’ असं उत्तरही दिलं होतं. टपालानं पत्र गेलं नव्हतं. ज्याच्या शेडमध्ये कमरेएवढं पाणी आहे तो टपाल कचेरी शोधत नाही, हे कुणालाही समजेल. पण करारातली साखळी अशी होती: सूचनेचं कलम पाळलं नाही म्हणून आपत्तीचं कलम उघडलं नाही, ते उघडलं नाही म्हणून मुदत वाढली नाही, मुदत वाढली नाही म्हणून दंडाचं कलम लागू झालं, दंड झाला म्हणून ‘येणी’ जन्माला आली, आणि वळतीच्या कलमानं ती बिलातून कापली. पाच कलमं, एकापाठोपाठ एक. यातलं एकही कलम वेगळं काढून वाचलं तर अन्यायाचं वाटत नाही.

अशा वेळी लोक करार कायद्याच्या कलम ५६ कडे बोट दाखवतात, अशक्य झालेली गोष्ट करावी लागत नाही म्हणून. त्यात दोन अडचणी आहेत. कलम ५६ सगळा करारच संपवतं, मुदत वाढवून देत नाही. आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालात स्पष्ट केलंय की ज्या घटनेची सोय करारातच केलेली आहे तिथे करारातल्या कलमानंच जावं लागतं. कलम ५६ त्याबाहेरच्या घटनांसाठी आहे. म्हणजे आपत्तीचं कलम लिहिलंत की त्याच्या अटींनी तुम्हीही बांधले गेलात. आमच्या प्रकरणात शेवटी तडजोड झाली, कारण व्यवस्थापकाचं ते व्हॉट्सॲपवरचं उत्तर आम्ही दाखवू शकलो. दर वेळी असा भला माणूस पलीकडे असेलच असं नाही. तुमच्या करारात आपत्तीचं कलम १७ आणि सूचनेचं कलम २६ शेजारी ठेवा आणि २६ मध्ये ‘ईमेलनं दिलेली सूचनाही लेखी सूचना मानली जाईल’ एवढं घालून घ्या.

परत कलम २२ कडे. दंड करारात लिहिलाय म्हणून तो आपोआप ‘येणी’ होतो का? करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. १९६३ च्या फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या निकालापासून हेच तत्त्व चालत आलंय, आणि २०१५ च्या कैलासनाथ असोसिएट्स निकालानं पुन्हा सांगितलं की नुकसानच झालं नसेल तर भरपाई नाही. नुकसान मोजणं अवघड असेल तिथे लिहिलेला वाजवी आकडा चालतो. शिवाय १९८७ च्या कर्नाटक राज्य विरुद्ध रामेश्वरा राइस मिल्स या निकालात न्यायालयानं म्हटलं की करारभंग झाला की नाही हाच वाद असेल तर एक पक्ष स्वतःच त्याचा निवाडा करू शकत नाही. तुमच्या कलम २२ मध्ये ‘कंपनीच्या मते देय असलेली’ असे शब्द आहेत. ते खटकायला हवेत. तिथे बदल सुचवा: ‘पुरवठादारानं मान्य केलेली किंवा लवादानं वा न्यायालयानं ठरवलेली रक्कम, १५ दिवसांची लेखी सूचना देऊन’. कंपनी पूर्ण मान्य करणार नाही. निदान १५ दिवसांची सूचना आणि कपातीचा तपशील एवढं तरी पदरात पाडून घ्या. कायदा आज तुमच्या बाजूनं आहे हे खरं, पण कापलेले पैसे त्यांच्या खिशात असतात आणि कोर्टात जावं लागतं ते तुम्हाला. कलम २२ चं खरं बळ इथे आहे.

लवादाबद्दल थोडक्यात. तुमच्या करारातल्या कलम २८ प्रमाणे लवाद मुंबईत. करार संपला, मोडला, अगदी रद्दबातल ठरला तरी लवादाचं कलम जिवंत राहतं. १९९६ च्या लवाद कायद्याचं कलम १६ त्याला बाकीच्या करारापासून वेगळा करार मानतं. तुमच्या बिलावर तळाला छापलेली ‘वडोदरा न्यायक्षेत्राच्या अधीन’ ही ओळ, दोघांनी सही केलेल्या कलम २८ पुढे टिकेल अशी आशा ठेवू नका. मुंबई हे लवादाचं अधिकृत स्थान म्हणून लिहिलं असेल तर पुढची कोर्टाची कामंही मुंबईतच जातील. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये इंडस मोबाइलच्या प्रकरणात तसंच ठरवलं. एक वाट मात्र उघडी आहे. नोंदणीकृत लघू पुरवठादार थकलेल्या पैशांसाठी, त्याच २००६ च्या कायद्याखालच्या आपल्या राज्यातल्या सुविधा परिषदेकडे जाऊ शकतो, खरेदीदार देशात कुठेही असो. करारात वेगळा लवाद लिहिलेला असला तरी ही वाट बंद होत नाही, असं २०२२ च्या महाकाली फूड्स निकालात ठरलं. त्यात एक पक्ष आपल्या गुजरातचं नागरी पुरवठा महामंडळच होतं. परिषदेचा निवाडा तुमच्या बाजूनं लागला आणि कंपनीला तो आव्हान द्यायचा असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

बदल सुचवताना एक चूक मात्र करू नका, ती मी केलेली आहे. वकिलीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका भागीदारी कराराच्या मसुद्यात मी वाटाघाटीनंतर कलम ८ काढून टाकलं. पुढच्या प्रत्येक कलमाचा आकडा एकानं कमी झाला. शेवटाकडे एक कलम होतं, ‘कलम ११ चा भंग झाल्यास करार तात्काळ संपुष्टात आणता येईल’. पूर्वीचं ११ म्हणजे हिशेब सादर करणं. कलम काढल्यावर ११ झालं पत्ता बदलल्याची सूचना देणं. तीन वर्षांनी हिशेबावरून भांडण झालं आणि समोरच्या वकिलानं ते कलम शब्दशः वाचून दाखवलं. माझ्या अशिलाला त्या एका आकड्यापायी खूप सोसावं लागलं. तेव्हापासून शेवटचं वाचन मी फक्त आकड्यांसाठी करतो: प्रत्येक ‘कलम अमुक’ खरोखर तिथेच पोचतंय का. कंपनी सुधारित प्रत पाठवेल तेव्हा तुम्हीही ते करा. कलम काढायची वेळ आली तर आकडा तसाच ठेवून पुढे ‘वगळले’ लिहायला सांगा.

वाचायचं कसं, तर मी अशिलांना एक फुलस्केप कागद घ्यायला सांगतो. मधोमध लिहा ‘माझे पैसे’. मग पैसे हातात येण्यासाठी जे जे घडावं लागतं ते उजवीकडे आणि पैसे कमी करू शकतं ते डावीकडे, प्रत्येकापुढे कलमाचा आकडा. ज्या गोष्टीसाठी दुसऱ्या पक्षानं काही करायचंय पण त्याला मुदत नाही, तिथे लाल गोल. तुमच्या करारात मला आत्ताच दोन लाल गोल दिसतात: ड्रॉइंगची मंजुरी आणि न दिलेलं स्वीकृतीपत्र. मग दुसरा कागद, ‘मला बाहेर पडायचं असेल तर’. करार संपल्यावरही कुठली कलमं चालू राहतात, हमीचा काळ, गोपनीयता, कंपनीचं नुकसान भरून देण्याची जबाबदारी, ते त्यावर. दोन संध्याकाळी पुरतात.

कंपनीकडे चार गोष्टी मागा: ड्रॉइंगच्या मंजुरीपासून मोजणी, १५ दिवसांत लेखी हरकत न आल्यास माल स्वीकृत, ईमेलची सूचना ग्राह्य, आणि कपातीपूर्वी तपशीलवार सूचना. एकतीसच्या एकतीस कलमांवर खुणा करून पाठवलंत तर खरेदी विभाग फाइल कायदा विभागाकडे ढकलेल आणि महिना जाईल. चार ओळी असतील तर त्यांचा माणूस जागेवर निर्णय घेऊ शकतो. पहिल्या दोन मिळाल्या नाहीत तर दर ठरवताना ७५ दिवसांचं व्याज आणि पाच टक्के कपात धरूनच आकडा द्या.

आणि एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, ती मला सोडवत नाही. कलम ९ मध्ये तपासणी ‘परिशिष्ट ब मधील गुणवत्ता पुस्तिकेप्रमाणे’ होईल असं आहे आणि ती पुस्तिका तुम्हाला मिळालेली नाही. करारात उल्लेख आला की ते परिशिष्ट कराराचाच भाग होतं, तुम्ही पाहिलेलं असो वा नसो. वेल्डच्या कुठल्या दोषावर माल परत जाईल, रंगाची जाडी किती हवी, तपासणीचा खर्च कुणाचा, हे सगळं त्यात असणार; आणि पुस्तिका व करार यांत फरक पडला तर कुठलं मानायचं, हे करारात लिहिलंय का तेही पाहायचंय. उद्या सकाळी पहिला ईमेल त्यासाठी पाठवा. ती पुस्तिका हातात येऊन, पानापानावर दोघांच्या सह्या होईपर्यंत करारावर सही करू नका.